सुई टोचल्यानंतर : एच. आय. व्ही.-प्रतिबंधक उपचार आणि आरोग्यसेवकांची जाण

रोग्याची शुश्रूषा करणाऱ्यास त्याच रोगाची लागण होऊ नये, ही चिंता वैद्यकाइतकीच जुनी आहे. एच. आय. व्ही. या विषाणूच्या बाबतीत या चिंतेस एक निराळे रूप प्राप्त झाले आहे. या विषाणूवर लस नाही, आणि एकदा शरीरात तो स्थिरावला म्हणजे त्यास समूळ घालविणारे सर्वसाधारण औषधही नाही. मात्र विषाणूचा शरीराशी संपर्क होणे आणि तो शरीरात स्थिरावणे या दोन घटनांच्या दरम्यान थोडा काळ जातो. त्या काळात योग्य औषधे घेतली तर लागण बहुधा टळते. या उपचारास संपर्कोत्तर प्रतिबंधक उपचार असे म्हणता येईल. रुग्णालयांत तो ‘पेप’ या आद्याक्षरी नावाने ओळखला जातो.

हा उपचार उपलब्ध आहे, स्वस्त आहे आणि भारतातील सरकारी रुग्णालयांत तो विनामूल्य मिळतो. असे असूनही ज्यांच्यासाठी तो आहे त्यांच्यापैकी अनेकांपर्यंत तो वेळेवर पोहोचत नाही. याचे कारण प्रत्येक वेळी औषधांचा तुटवडा हे नसते. पुष्कळदा ते ज्ञानाच्या अपुरेपणात असते, आणि ते ज्ञान ज्या शब्दांतून दिले जाते त्या शब्दांतही असते. प्रस्तुत लेखात प्रथम या उपचाराचे स्वरूप, त्यानंतर त्याविषयीच्या जाणिवेच्या पायऱ्या आणि शेवटी त्या जाणिवेत भाषेचा असणारा वाटा, असा क्रम ठेवला आहे.

१. धोक्याचे प्रमाण

वापरलेली सुई, शस्त्रक्रियेचे पाते, फुटलेली काचेची नळी यांनी त्वचेस जखम होणे, किंवा रक्त डोळ्यांत, तोंडात अगर उघड्या जखमेवर उडणे, हे व्यवसायजन्य संपर्काचे मुख्य प्रकार होत. रक्ताखेरीज मेंदू व मज्जारज्जूभोवतीचा द्रव, फुप्फुसांच्या व उदराच्या आवरणांतील द्रव, सांध्यांतील द्रव आणि गर्भजल यांपासूनही धोका संभवतो. घाम, अश्रू, थुंकी, मूत्र व विष्ठा यांत रक्त दिसत नसेल तर त्यांच्यापासून एच. आय. व्ही.चा धोका मानला जात नाही.

एच. आय. व्ही.बाधित रक्ताने माखलेली सुई टोचल्यास लागण होण्याचे सरासरी प्रमाण दर हजारी सुमारे तीन आहे. डोळे, तोंड इत्यादींच्या श्लेष्मल त्वचेवर रक्त उडाल्यास ते दर हजारी एकाहूनही किंचित कमी भरते. तुलनेसाठी काविळीच्या विषाणूंकडे पाहावे. ‘ब’ काविळीच्या बाबतीत, लस न घेतलेल्या माणसास हा धोका शेकडा तिसापर्यंत जातो; ‘क’ काविळीच्या बाबतीत तो शेकडा तीनपर्यंत धरला जाई, अलीकडचे अंदाज त्याहून कमी आहेत. तीस, तीन आणि शून्य दशांश तीन असा हा उतरता क्रम वैद्यकीय शिक्षणात ‘तीनचा नियम’ म्हणून सांगितला जातो. ‘ब’ काविळीवर मात्र तीन मात्रांची परिणामकारक लस आहे, आणि ती प्रत्येक आरोग्यसेवकाने आधीच घेतलेली असली पाहिजे.

हजारी तीन हे प्रमाण दोन प्रकारे चुकीचे वाचले जाते. सुई टोचली म्हणजे आयुष्य संपले, असे एकास वाटते. ‘इतका अल्प धोका, तर धावपळ कशास?’ असे दुसरा म्हणतो. पहिला भीतीने गप्प बसतो आणि दुसरा निष्काळजीपणाने. उपचार दोघांचाही राहून जातो. वास्तविक हे प्रमाण म्हणजे सरासरी होय. जखम खोल असली, सुईवर रक्त डोळ्यांना दिसत असले, ती थेट शिरेत अथवा रोहिणीत घातलेली असली, किंवा रोग्याचा आजार शेवटच्या टप्प्यात असून त्याच्या रक्तातील विषाणूंची संख्या मोठी असली, तर धोका कित्येक पटींनी वाढतो. उलट, रोगी नियमित औषधे घेत असून त्याच्या रक्तातील विषाणू दबलेला असेल तर तो पुष्कळच घटतो.

हजारी तीन ही संख्या अल्प वाटली तरी सुया टोचण्याच्या घटना अल्प नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे, जगातील सुमारे साडेतीन कोटी आरोग्यसेवकांपैकी दरवर्षी सुमारे तीस लाखांना रक्तवाहित रोगांच्या संदर्भात अशी इजा होते, आणि २००० या एका वर्षात त्यांतून सुमारे एक हजार जणांना एच. आय. व्ही.ची लागण झाली असावी. भारतात २०२३ च्या सरकारी अंदाजानुसार सुमारे पंचवीस लाख लोक एच. आय. व्ही.सह जगत होते, आणि राज्यवार पाहता त्यांची सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्रात होती. तेव्हा हा प्रश्न या प्रदेशातील रुग्णालयांना दूरचा नाही.

२. उपचाराची उपपत्ती व पुरावा

सुईच्या टोचणीतून विषाणूची लागण झाल्याची पहिली नोंद १९८४ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. ती एका परिचारिकेची होती. रक्त काढल्यानंतर सुईवर पुन्हा टोपण बसवीत असता तिला इजा झाली होती. १९८७ साली झिडोव्ह्यूडिन हे एच. आय. व्ही.वरील पहिले औषध अमेरिकेत मान्य झाले, आणि ते संपर्कानंतर लगेच दिल्यास लागण रोखता येईल काय, असा प्रश्न साहजिकच पुढे आला.

या प्रश्नाचे निर्णायक उत्तर नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे एका गटास औषध व दुसऱ्यास नुसती साखरगोळी देऊन, मिळणे शक्य नव्हते. लागणीचे प्रमाण इतके थोडे की फरक दिसण्यास हजारो माणसे हवीत. आणि संभाव्य बचाव हाती असता तो निम्म्या लोकांना नाकारणे नीतीस धरून नाही. तसा एक प्रयत्न झाला, परंतु पुरेशी माणसे न मिळाल्याने तो सोडावा लागला. म्हणून संशोधकांनी उलट दिशेने जाण्याचा मार्ग स्वीकारला. सुई टोचून लागण झालेले ३३ आरोग्यसेवक आणि तशीच इजा होऊनही लागण न झालेले ६६५ आरोग्यसेवक यांच्या नोंदींची तुलना करण्यात आली. अमेरिका, फ्रान्स, इंग्लंड व इटली येथील माहितीवर आधारलेला हा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. झिडोव्ह्यूडिन घेतलेल्यांत लागणीची शक्यता सुमारे ८१ टक्क्यांनी घटलेली दिसली.

काळाचे महत्त्व वानरांवरील प्रयोगांनी स्पष्ट केले. विषाणू शरीरात शिरताच रक्तात पसरत नाही. प्रथम तो प्रवेशस्थानाजवळच्या काही पेशींत राहतो, एकदोन दिवसांत त्या पेशींबरोबर लसिकाग्रंथींत पोहोचतो आणि त्यानंतर काही दिवसांनी रक्तात दिसू लागतो. टेनोफोव्हिर हे औषध चोवीस तासांच्या आत सुरू करून अठ्ठावीस दिवस दिलेली वानरे लागणीपासून बचावली. प्रारंभ अठ्ठेचाळीस किंवा बहात्तर तासांवर नेला, अथवा औषध तीन किंवा दहा दिवसांतच थांबविले, तेव्हा बचाव अपुरा ठरला. ‘लवकर आरंभ’ आणि ‘अठ्ठावीस दिवस’ या दोन्ही नियमांचे मूळ या निरीक्षणांत आहे.

अमेरिकेतील नोंदींतून या साऱ्याचे फलित दिसते. तेथे १९८५ ते २०१३ या काळात व्यवसायजन्य लागणीची ५८ प्रकरणे निश्चित झाली. त्यांपैकी ४९ मध्ये सुईची टोचणी किंवा कापणे हे कारण होते, आणि सर्वांत मोठा गट परिचारिकांचा होता. १९९९ नंतरच्या काळातील निश्चित प्रकरण अवघे एक होते. सुरक्षित साधने, रोग्यांवरील परिणामकारक उपचार आणि संपर्कोत्तर औषधे या तिन्हींचे हे एकत्रित यश मानावे लागेल.

३. प्रत्यक्ष कृतीचा क्रम

सुई टोचताच करावयाची पहिली गोष्ट साधी आहे : जखम साबणाने व वाहत्या पाण्याने धुणे. बोट दाबून रक्त काढू नये, ते तोंडात घालू नये, जखमेवर ब्लीचिंग, स्पिरिट अथवा आयोडिन चोळू नये. त्यामुळे ऊतींना इजा होते व लाभ होत नाही. डोळ्यांत रक्त उडाल्यास स्वच्छ पाण्याने डोळे भरपूर धुवावेत, तोंडात गेल्यास थुंकून पुनःपुन्हा चुळा भराव्यात.

दुसरी गोष्ट म्हणजे तत्काळ नेमलेल्या डॉक्टरकडे अगर अपघात विभागात जाणे. औषधाची पहिली मात्रा शक्य तितक्या लवकर, शक्यतो दोन तासांत घ्यावयाची असते. बहात्तर तास उलटल्यावर ती सहसा दिली जात नाही. ज्याच्या रक्ताशी संपर्क आला त्या रोग्याची तपासणी त्याच्या संमतीने करावी, परंतु तिचा निकाल येईपर्यंत पहिली मात्रा अडवून ठेवू नये. निकाल नकारात्मक आला आणि रोग्यास नजीकच्या काळात लागण झाल्याचा संशय नसला तर औषध थांबविता येते. मात्र वाट पाहण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही.

भारतातील राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्यूडिन व डोल्यूटेग्राविर या तीन औषधांची एकत्रित गोळी रोज एक याप्रमाणे अठ्ठावीस दिवस घ्यावयाची असते. पूर्वी धोका कमी-अधिक ठरवून दोन किंवा तीन औषधे दिली जात. आता तो भेद सोडून देऊन सर्वांनाच तीन औषधे देतात. पूर्वीच्या औषधांनी मळमळ, थकवा, रक्तक्षय असे त्रास होत, आणि पुष्कळ जण उपचार अर्धवट टाकीत. आजची गोळी त्यामानाने सुसह्य आहे. लोह, कॅल्शियम आणि आम्लपित्तावरील काही औषधे तिचे शोषण कमी करतात, म्हणून ती कशी व केव्हा घ्यावीत हे डॉक्टरांस विचारून ठरवावे. गर्भवती असणे हे उपचार नाकारण्याचे कारण नव्हे.

आरोग्यसेवकाच्या रक्ताची तपासणी आरंभी, सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी व सहा महिन्यांनी होते. आरंभीच्या तपासणीस अनेक जण कचरतात. परंतु इजेपूर्वी आपणांस लागण नव्हती याचा तोच एकमेव पुरावा असतो. पुढे नुकसानभरपाईचा प्रश्न उद्भवल्यास त्याचीच गरज पडते. तपासण्या पूर्ण होईपर्यंत रक्तदान करू नये व लैंगिक संबंधांत निरोध वापरावा.

४. ‘माहीत आहे’ याच्या चार पायऱ्या

आफ्रिकेतील व आशियातील अनेक देशांत आरोग्यसेवकांच्या या विषयीच्या ज्ञानाची पाहणी झाली आहे. तीत ‘या उपचाराविषयी आपण ऐकले आहे काय?’ असा प्रश्न हमखास असतो आणि त्यास बहुसंख्य लोक होकार देतात. या होकाराचा अर्थ काय, हे तपासणे आवश्यक आहे. प्रश्नातच उपचाराचे नाव उच्चारलेले असते, आणि आरोग्यसेवकास त्याविषयी ‘नाही’ म्हणण्याचा संकोच वाटतो. शिवाय ‘ऐकले असणे’ आणि ‘ठाऊक असणे’ या दोन क्रियांत अंतर आहे. उपचाराचे नाव न घेता ‘वापरलेली सुई टोचल्यावर प्रथम काय कराल, त्यानंतर कोठे जाल, किती वेळात?’ असे विचारले तर मिळणारे उत्तर अधिक खरे असेल.

या ज्ञानाच्या चार पायऱ्या कल्पिता येतात. पहिली नावाची : असा उपचार आहे एवढे ठाऊक असणे. दुसरी काळाची : तो केव्हा सुरू करावयाचा व किती दिवस घ्यावयाचा हे ठाऊक असणे. तिसरी वाटेची : आपल्या रुग्णालयात, रात्री दोन वाजता, रविवारी, तो कोणाकडे मिळतो हे ठाऊक असणे. चौथी कृतीची : इजा झाल्यावर खरोखरच त्या वाटेने जाणे आणि अठ्ठावीस दिवस पूर्ण करणे. पहिल्या पायरीवर उभे असलेले पुष्कळ आढळतात. वर जावे तसतसे ते विरळ होत जातात.

इथिओपियातील गोंदर येथील विद्यापीठ-रुग्णालयाची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील आकडे या दृष्टीने उद्बोधक आहेत. १९५ आरोग्यसेवकांपैकी १४७ जणांची, म्हणजे चौघांत तिघांची, या उपचाराविषयीची वृत्ती अनुकूल होती. मात्र ७२ जणांचे ज्ञान अपुरे ठरले. ६६ जणांचा रक्ताशी अगर धारदार साधनांशी प्रत्यक्ष संपर्क आलेला होता. त्यांपैकी ४९ जणांनी औषध घेतले, १७ जणांनी घेतलेच नाही. आणि औषध घेणाऱ्या ४९ पैकी अवघ्या २३ जणांनी ते योग्य वेळी सुरू केले होते. म्हणजे ज्या ६६ जणांना संरक्षणाची गरज होती त्यांच्यापैकी सुमारे एकतृतीयांश लोकांनाच ते वेळेवर मिळाले. अनुकूल वृत्ती चौघांत तिघांची आणि वेळेवर कृती तिघांत एकाची, हे अंतर लक्षात ठेवण्याजोगे आहे.

उपचार सुरू करणे ही अर्धीच गोष्ट होय. निरनिराळ्या देशांतील ९७ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ साली घेण्यात आला. व्यवसायजन्य व अन्य अशा सर्व प्रकारच्या संपर्कांनंतर उपचार सुरू करणाऱ्यांपैकी तो पूर्ण करणारे सुमारे ५७ टक्केच आढळले.

५. शब्दांमुळे पडणारे अंतर

हे अंतर केवळ आळसाने पडत नाही. या विषयाचे ज्ञान ज्या शब्दांत सांगितले जाते, त्यांतील काही शब्द मराठीच्या रूढ व्यवहारात भिन्न अर्थाने वावरतात, आणि सांगणाऱ्याच्या नकळत ऐकणाऱ्याची दिशाभूल करतात.

पहिला शब्द ‘प्रतिबंधक’. प्रतिबंधक लस, प्रतिबंधक उपाय या रूढ प्रयोगांत प्रतिबंध हा घटनेच्या आधी करावयाचा असतो. सुई टोचून गेली म्हणजे प्रतिबंधाची वेळ टळली, असा निष्कर्ष सामान्य भाषकाने काढणे अगदी स्वाभाविक आहे. ‘संपर्कोत्तर प्रतिबंध’ हा त्याच्या कानांस वदतोव्याघात वाटतो. हा विरोध शब्दाने मिटणार नाही. त्यामागील घटनाक्रम सांगितल्यानेच मिटेल. संपर्क ही एक घटना, लागण ही दुसरी, आणि दोहोंच्या मध्ये काही तासांचा अवकाश. उपचार संपर्काच्या नंतरचा असला तरी तो लागणीच्या आधीचा आहे, एवढे स्पष्ट झाले की ‘प्रतिबंधक’ हे विशेषण सार्थ ठरते.

दुसरी अडचण ‘संपर्क’, ‘बाधा’ आणि ‘लागण’ या शब्दांची आहे. ‘संपर्क’ हा शब्द व्यवहारात माणसांच्या भेटीगाठींचा आहे; ‘संपर्क साधावा’ असे सूचनाफलकांवर लिहिलेले असते. त्यामुळे ‘बाधित व्यक्तीशी संपर्क’ म्हणजे तिच्याजवळ बसणे, तिला स्पर्श करणे, असा अर्थ घेतला जातो, आणि निष्कारण भीती व रोग्याविषयी दुरावा निर्माण होतो. ‘बाधा’ या शब्दामागे विषबाधा, भूतबाधा अशी परंपरा आहे; तो उच्चारताच अनिष्ट घडून चुकल्याचा भास होतो. वॉर्डातील बोलण्यात ‘एड्सची सुई लागली’ असे वाक्य निघते तेव्हा संपर्क, लागण आणि रोग या तिन्ही अवस्था एका क्रियापदात गोळा होतात. ज्यास सुई ‘लागली’ त्यास रोगच ‘लागला’ असे शेजारच्यास वाटते. म्हणून शिकविताना ‘दुसऱ्याचे रक्त अंगात शिरण्याचा प्रसंग’ असे सरळ वर्णन करणे अधिक हिताचे.

तिसरा प्रश्न ‘बहात्तर तासांच्या आत’ या शब्दप्रयोगाचा आहे. वैद्यकाच्या दृष्टीने ही अखेरची मर्यादा आहे. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने ती सवलत ठरते. कर भरण्याची किंवा अर्ज देण्याची अंतिम तारीख जशी पाळली जाते, तशीच हीही पाळली जाते : ‘अजून तीन दिवस आहेत, पाळी संपल्यावर पाहू.’ संख्या बिनचूक असूनही तिच्यामुळे होणारी कृती चुकीची ठरते. तेव्हा सूचनेत ‘लगेच, दोन तासांत’ हे शब्द आधी व ठळक यावेत आणि बहात्तर तासांचा उल्लेख ‘उशीर झाला असला तरी या’ एवढ्यासाठीच व्हावा.

चौथा मुद्दा क्रियापदाच्या रचनेचा आहे, आणि तो सर्वांत सूक्ष्म असला तरी परिणामाने मोठा आहे. ‘मला सुई टोचली’ या वाक्यात सुई कर्तृस्थानी आहे आणि माणूस चतुर्थीत, म्हणजे अनुभव भोगणारा आहे. त्यात दोषारोप नाही. ‘तिने सुई टोचून घेतली’ असे म्हणताच माणूस कर्ता बनतो आणि घटनेचा भार त्याच्यावर येतो. हीच रचना ‘लस टोचून घेतली’ या वाक्यात स्वेच्छेने केलेल्या कृतीस वापरतात, हे लक्षात घेतले म्हणजे तिचा रोख ध्यानात येतो. अपघाताची नोंद घेणारा अधिकारी ‘कशी काय टोचून घेतलीस?’ असे सहज विचारून जातो; प्रश्न विचारला जातो माहितीसाठी, ऐकू येतो तो आरोप म्हणून. शिकाऊ विद्यार्थिनी आणि हंगामी कामगार नोंद करण्याचे टाळतात त्याच्या मुळाशी अनेकदा हीच भीती असते. ‘सुई कशी टोचली? कोणते काम चालू होते?’ असे विचारल्यास तीच माहिती मिळते आणि दोष कामाच्या रचनेत शोधता येतो.

पाचवी गोष्ट गोळ्यांविषयीच्या समजुतीची. या गोळ्या तीच औषधे होत जी एच. आय. व्ही.बाधित रोगी घेतात. ‘याला औषध चालू आहे’ या वाक्यात रोग गृहीत धरला जातो. घरी गोळ्यांची बाटली दिसली की खुलासा कोणास व किती करावयाचा, हा प्रश्न उपचार घेणाऱ्यापुढे उभा राहतो आणि दहाव्या-बाराव्या दिवशी गोळ्या बंद होतात. उपचार सुरू करणाऱ्या डॉक्टरने या सामाजिक अडचणीविषयी पहिल्याच भेटीत बोलले पाहिजे. गुप्ततेचे आश्वासन आणि घरी सांगण्याजोगे एक सोपे वाक्य ही दोन्ही गोळ्यांबरोबर दिली पाहिजेत.

६. ज्ञान कोणापर्यंत पोहोचते

रुग्णालयातील सुईचा प्रवास सर्वांच्या हातांतून होतो. डॉक्टर ती वापरतो, परिचारिका ती उचलते, आया आणि वॉर्डबॉय तबक हलवितात, सफाई कामगार कचऱ्याची पिशवी नेतो, धुलाईघरातील माणूस चादर झटकतो. नियमाप्रमाणे सुई जागच्या जागीच निकामी करून धारदार वस्तूंसाठी असलेल्या न भेदणाऱ्या पांढऱ्या अर्धपारदर्शक डब्यात गेली पाहिजे. जैववैद्यकीय कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांत तशी तरतूद आहे. वापरलेल्या सुईवर टोपण पुन्हा चढवू नये हाही जुना नियम आहे. हे नियम मोडले जातात तेव्हा सुई जाते साध्या पिशवीत, आणि ती टोचते अशा माणसास, ज्यास ती कोणत्या रोग्याची हे सांगता येत नाही. ज्ञानाचा प्रवाह मात्र उलट आहे : व्याख्याने डॉक्टरांसाठी, पुस्तिका परिचारिकांसाठी, आणि सफाई कामगारासाठी भिंतीवरील एक फलक, तोही पुष्कळदा त्यास न वाचता येणाऱ्या भाषेत.

कायद्याने मात्र असा भेद केलेला नाही. एच. आय. व्ही. आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. आरोग्यसेवा देणाऱ्या प्रत्येक आस्थापनेने तेथे काम करणाऱ्या व अशा संपर्काचा धोका असलेल्या सर्व व्यक्तींस संरक्षक साधने, त्यांच्या वापराचे शिक्षण आणि संपर्कोत्तर उपचार पुरवावा, आणि या सोयी उपलब्ध आहेत हे त्यांना कळवावे व समजावून द्यावे, असे बंधन त्यात घातले आहे. ‘काम करणाऱ्या सर्व व्यक्ती’ या शब्दांत कायम आणि कंत्राटी, पगारी आणि शिकाऊ असा भेद नाही. ‘कळविणे’ हे स्वतंत्र कर्तव्य म्हणून सांगितलेले आहे, हे विशेष होय. केवळ कपाटात औषध ठेवल्याने ते पार पडत नाही.

७. समारोप

या विवेचनावरून काही गोष्टी निष्पन्न होतात. पहिली मात्रा अपघात विभागात दिवसरात्र तयार असावी आणि ती देण्याचा अधिकार रात्रपाळीच्या डॉक्टरासही असावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली तर डॉक्टरांखेरीज अन्य प्रशिक्षित सेवकांकडूनही हा उपचार मिळावा अशी शिफारस केली आहे. कामावर रुजू होणाऱ्या प्रत्येकास, त्याच्या बोलीत व तोंडी, चार वाक्ये सांगून ती त्याच्याकडून वदवून घ्यावीत : जखम पाण्याने धुवा, दाबू नका, लगेच अमुक खोलीत अमुक माणसाकडे जा, गोळी अठ्ठावीस दिवस सोडू नका. ‘अमुक’च्या जागी त्या रुग्णालयातील प्रत्यक्ष खोली व हुद्दा असला पाहिजे. शंका असल्यास १०९७ या राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावर विनामूल्य विचारणा करता येते, हेही सांगावे. ज्ञानाची पाहणी करताना ‘ऐकले आहे काय?’ या प्रश्नावर न थांबता कृतीचा क्रम विचारावा. आणि नोंदीच्या भाषेतून दोषारोप काढून टाकावा.

यांतील एकाही गोष्टीस मोठा खर्च नाही. उपचाराचे शास्त्र गेल्या चार दशकांत सिद्ध झाले आहे. आता गरज आहे ती, ज्याच्या हातात सुई शेवटी जाते त्याच्यापर्यंत ते समजेल अशा शब्दांत नेण्याची. सुई टोचलेल्या माणसाजवळ त्या वेळी ग्रंथ नसतो, मार्गदर्शिकाही नसते. आधी कोणी तरी सांगितलेली, स्मरणात राहिलेली दोन-चार वाक्येच असतात. ती बरोबर असणे, आणि ती सांगितली गेलेली असणे, यावर त्याचे पुढील आयुष्य अवलंबून राहू शकते.